जर्मनची थरथर

आमच्या गाडीला सोलापूरचा सगळा पूर्व भाग ‘जर्मन’ म्हणायचा. कंपनीचं नाव कुणी घेत नसे. जर्मन आली, जर्मन धुतली, जर्मनला आज बरं नाही. माझे वडील, म्हणजे नाना, ते नाव इतक्या अदबीनं घ्यायचे की लहानपणी मला ती आमची कुणी दूरची, श्रीमंत आणि सदा आजारी आत्याच वाटायची. ही आत्या आमच्या घरी का आली, तिला आणण्यासाठी काय काय गेलं, हे मला विचारू नका. कारणं माझ्याकडं नसतात. कारणं सगळी अण्णाकडं असतात, माझ्या थोरल्या भावाकडं. माझ्याकडं फक्त वास असतात.

खळीचा वास घ्या. सुताला कडकपणा यावा म्हणून जी खळ लावायचे ती शिजताना आंबट वाफ सुटायची आणि भाताची आठवण व्हायची. मागाच्या तेलाचा वास. ओल्या रंगाचा वास, जो लाल असला तर वेगळा आणि हिरवा असला तर वेगळा, हे मी आजही शपथेवर सांगेन. आणि या सगळ्यांच्या मधोमध, आमच्या मागांच्या शेडच्या दाराशी, जर्मनच्या जुन्या चामडी सीटचा वास. उन्हाळ्यात दार उघडलं की तो असा बाहेर यायचा, जसा एखादा पाहुणा दुपारची झोप काढून येतो. त्या सीटवर सुताचं तूस बसलेलं असायचं. ते झटकून मगच बसायचं, नाहीतर लग्नाला जाताना नाना मागून पिंजऱ्यातल्या कोंबड्यासारखे दिसत.

आता अण्णानं शेड विकली आहे. त्या जागी लग्नाचं कार्यालय होणार आहे. सोलापुरात कापड विणायला आता जागा लागत नाही, ते नेसून नाचायला लागते. माग केव्हाच उचलले गेले. त्यांच्या पायांचे चौकोनी डाग फरशीवर राहिले होते, आणि शेडमध्ये दोनच जुन्या वस्तू उरल्या होत्या. एक जर्मन, आणि तिच्यासमोर लोखंडी खुर्चीवर बसलेले नाना.

नानांनी अट घातली होती. मागांच्या आवाजानं त्यांचे कान कधीच गेले आहेत, त्यामुळे ते अटीसुद्धा ओरडूनच घालतात.

“जर्मन लोटत न्यायची न्हाय! भंगारवाल्याची क्रेन शेडात येणार न्हाय! ती माझ्यासमोर चालू होईल आणि सोताच्या पायानं भाईर जाईल. तोवर मी खुर्चीवरनं उठत न्हाय. बांधा तुमचं कार्यालय माझ्याभवती!”

“बांधतो की,” अण्णा ओठ न हलवता पुटपुटला. नाना ओठ वाचतात, हे तो आयुष्यभर विसरलेला नाही. “नवरानवरीला आशीर्वाद द्यायला म्हातारा आयताच मिळतोय.”

जर्मनला गिऱ्हाईक होतं. कुर्डुवाडीचा एक माणूस जुन्या गाड्या सजवून वरातीला भाड्यानं देतो. येऊन बघून गेला होता, फोटो काढून गेला होता. जाताना एवढंच म्हणाला, “मालक, गाडी मऊ चालली पायजे. नवरदेव थरथरला तर चालतंय, गाडी न्हाय.” तो आज दुपारी परत यायचा होता. गाडी मऊ चालली तर तो घेऊन जाणार, नाही चालली तर भंगारवाला. आणि भंगारवाला आला तर नाना खुर्चीवरून उठणार नाहीत. ते खरंच उठणार नाहीत. मी त्यांना ओळखतो.

म्हणून सकाळीच रज्जाकभाईला बोलावलं. रज्जाकभाई माझ्याच वयाचा, आणि त्याचे वडील नानांच्या वेळचे जर्मनचे डॉक्टर. त्यानं बॉनेट उघडलं, आत वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “अरे बाप रे. अब्बाजान के हात का वायसर अजून हाय हितं.”

“मग बरी होईल?”

“अब्बा मेले, ही हाय. पुढं काय सांगू?”

नवी बॅटरी लावली, ताजं पेट्रोल टाकलं. जर्मन सुरू झाली. म्हणजे तिला आधी ढास लागली, मग उचकी, मग अंगभर कापरं भरलं आणि ती तशीच कापत उभी राहिली. दाराचा आरसा इतका हलत होता की त्यात मला माझे दोन चेहरे दिसले. दोन्ही पन्नाशीच्या पुढचे निघाले.

“मिसिंग हाय,” रज्जाकभाई म्हणाला. चार सिलिंडरांपैकी एखादा आपलं काम करत नाही, असा त्याचा अर्थ.

“ते माझ्या लहानपणापासून आहे.”

“आन् तुमी तशीच चालवली?”

कसं सांगणार त्याला! आम्हाला ते दुखणं आहे हेच माहीत नव्हतं. आम्ही थरथरीतच जन्मलेली माणसं. शेडला लागून आमच्या राहायच्या खोल्या, आणि पलीकडं माग चालू असले की आमची फरशी कापायची. पाण्याच्या तांब्यात बारीक वर्तुळं उठायची. रात्री पाठ जमिनीला लावली की ती कंपनं मणक्यातून वर चढत डोक्यापर्यंत यायची आणि झोप लागायची. मध्येच वीज गेली की सगळे माग थांबायचे आणि आम्ही मुलं झोपेतून दचकून रडायला लागायचो. आवाजानं मुलं उठतात म्हणे. आम्ही आवाज थांबला की उठायचो.

आमच्या लेखी जे हलत नाही ते बंद. मग गाडी कापत असली तर ती चालू आहे, तब्येतीनं चालू आहे. नाना तर पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे, “जर्मन मशीनला थोडी थरथर असतेच. त्याशिवाय ते जर्मन न्हाय.” सबंध पूर्व भागात दुसरी जर्मन गाडी नव्हती. खोटं पाडणार कोण?

रज्जाकभाईनं तपास सुरू केला. इंजिन चालू ठेवून त्यानं पकडीनं एका प्लगची वायर उपटली. गाडी आणखी कापली. “हा काम करतोय.” ती परत लावली, दुसरी काढली. पुन्हा तेच. ही परीक्षा मला फार आवडली. ज्याची वायर काढली आणि गाडीला काही फरकच पडला नाही, तो सिलिंडर मेलेला समजायचा. तिसरी काढली, चौथी काढली. प्रत्येक वेळी जर्मन कळवळली.

“चारी जिवंत हाईत,” रज्जाकभाई बुचकळ्यात पडून म्हणाला.

“आमच्यापेक्षा बरं आहे मग,” मी म्हणालो. आम्हीही घरात चौघंच होतो. अम्माला जाऊन आता बरीच वर्षं झाली. अण्णा आणि मी एका गावात राहून दिवाळीला फोनवर बोलतो. जुळे सोलापूर भागातल्या माझ्या फ्लॅटची फरशी इतकी शांत आहे की पहिले काही महिने मी झोपेच्या गोळ्या खात होतो.

नाना खुर्चीवरून सगळं बघत होते. त्यांनी मला लांबून विचारलं, हातानं. शेडमध्ये बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळ्या घराची एक हातांची भाषा झाली होती. मूठ वळून हलवली की ‘चालू’. हात उघडून पंजा दाखवला की ‘बंद’. कोपर वाकवून हात तोंडाकडं नेला की चहा. अम्मा तर या भाषेत भांडायचीसुद्धा, आणि दोन्ही हातांत सूत भरायची कांडी असली की नुसत्या भुवयांनी. गुपित सांगायचं असलं की आम्ही भावंडं माग चालू असताना एकमेकांच्या कानात ओरडायचो. जगातलं सगळ्यात सुरक्षित ठिकाण होतं ते. मी नानांना मूठ हलवून दाखवली. त्यांनी मान डोलावली.

रज्जाकभाईनं लांब पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवून त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. नानाही मागावर असेच ऐकायचे, तेव्हा कान होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळे माग धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू व्हायचं. त्यातच जर्मनचाही नंबर लागायचा. अम्मा तिच्या पुढच्या दिव्यांना कुंकू लावून म्हणायची, “हिचे डोळे तरी बघा, नवरीसारखे.” मग चाकाखाली लिंबं ठेवून नाना ती चिरडायचे, कोहळा फुटायचा, आणि सगळे जर्मनमध्ये बसून शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन गावाबाहेर जायचे. गाडी थांबली तरी आमच्या हातातली भाकरी हलत असायची. अण्णा एकदा म्हणाला होता, “नाना, हिच्यात ताक घुसळता येईल.” तेव्हा अण्णाही विनोद करायचा. तेव्हा तो माझ्या मांडीवर पाय टाकून झोपायचा.

आता तो स्वतःच्या नव्या गाडीतून उतरला. ती गाडी दाराशी कधी येऊन थांबली, हे ऐकूच आलं नाही.

“झालं का? तो निघालाय कुर्डुवाडीहून.”

“निदान चाललंय.”

“तुझं नाटक चाललंय. सकाळपासून लागलायत, आणि अजून पेचकसच कानाला लावून बसलाय. मालिका करतोस का हिच्यावर?”

“तूही काम कर की तीत. खलनायकाची जागा रिकामी आहे.”

“मी खलनायक,” अण्णा म्हणाला, “आणि घरपट्टी भरायला हिरो कुठं असतो?” तो नानांकडं बघून हसला, आणि मग हसणं पुसून टाकलं.

रज्जाकभाईनं आमच्याकडं लक्ष दिलं नाही. त्यानं प्लग साफ केले, वायरी बदलून पाहिल्या. कापरं तसंच. शेवटी तो म्हणाला, “ही कुटनं तरी भाईरची हवा खातीया.” इंजिनला जेवढी हवा मोजून द्यायची, त्याशिवाय कुठल्या तरी फटीतून चोरटी हवा आत जात होती, आणि म्हणून ती कापत होती. त्यानं एका बाटलीतून थोडं पेट्रोल पिचकारीनं इकडंतिकडं मारायला सुरुवात केली. फट असेल तिथं इंजिन ते ओढून घेतं आणि आवाज बदलतो. या पाईपला मारलं, काही नाही. त्या जोडाला मारलं, काही नाही. मग इंजिनच्या मागे, खाली, अंधारात एक जाडसर वाकडा पाईप होता, तिथं मारलं.

जर्मन एकदम शांत झाली. क्षणभरच. मग पुन्हा कापायला लागली.

“परत मार,” अण्णा म्हणाला. त्यालाही राहवलं नाही.

परत मारलं. परत ती क्षणभर शांत झाली. रज्जाकभाईनं इंजिन बंद करून हात खाली घातला, आणि तोंड वाकडं केलं. “हे रब्बर न्हाय जी. हे काय की दुसरंच हाय.” त्यानं टॉर्चचा उजेड पाडला.

तेलानं काळं झालेलं, कडक झालेलं सूत होतं. पाईपभोवती गुंडाळलेलं, थरावर थर, आडवं आणि तिरपं, कांडीवर भरतात तसं. तेल जिथं पोचलं नव्हतं तिथं अजून लालभडक.

मी लहान असताना एकदा मैंदर्गीच्या रस्त्यावर आम्ही थांबलो होतो. हिवाळा होता, ज्वारी कमरेच्या वर आलेली, आणि शेतात कुणीतरी गोफणीनं पाखरं हाकत होतं. रस्ता सामसूम. जर्मन बंद पडली होती. नानांनी बॉनेट उघडून फाटलेला पाईप शोधला आणि त्यावर आम्हा सगळ्यांना भाषण दिलं. ते भाषण रंगात आलं असताना अम्मा गाडीतून उतरली. डिकीत गिऱ्हाइकाला द्यायचं लाल सूत होतं. त्यातला एक कोन, म्हणजे सुताचं एक गुंडाळं, तिनं काढलं, नानांना “जरुगु!” म्हणाली, म्हणजे आमच्या तेलुगूत बाजूला व्हा, आणि पदर खोचून इंजिनवर वाकली. ती लहानपणापासून कांड्या भरत आलेली. तिच्या बोटांना सूत कुठं ओढायचं आणि कुठं सैल सोडायचं, हे कळायचं. आम्हा दोघांना तिनं रस्त्याकडेच्या बाभळीचा डिंक खरवडून आणायला पिटाळलं. अण्णानं मला खांद्यावर घेतलं, कारण वरचा डिंक मोठा होता. तो डिंक तिनं पाण्यात कालवून सुतावर चोपडला. आमचे हात दिवसभर एकमेकांना चिकटत होते.

जर्मन चालू झाली. थोडी कापत, पण चालू. नाना गाडीत बसताना म्हणाले, “हे घरी पोचेपर्यंत. पुढच्या आठवड्यात नवा पाईप.” आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी नवा पाईप टाकल्याचं जेवताना जाहीरही केलं. त्यानंतर बॉनेटच्या त्या बाजूला कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियम झाला. मेकॅनिकांनासुद्धा. रज्जाकभाईच्या अब्बांनासुद्धा.

शेडच्या त्या टोकाकडून आवाज आला.

“मी तवाच नवा टाकला होता!”

नानांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी लाल सूत लांबून पाहिलं होतं, आणि आता ते दाराबाहेर, रस्त्याकडं बघत होते.

रज्जाकभाईनं पातं काढलं. “कापू?”

“थांब.” मी सुताचं टोक शोधायला लागलो. उलगडून काढावं, असं मनात होतं. टोक सापडलं नाही. कांडी भरणारी बाई शेवटचं टोक असं आत दडवते की ते दुसरी कांडी भरणारीलाच सापडतं, आणि अशी बाई आता आमच्या घरात एकही नाही.

“काप की,” अण्णा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. “चिंधी हाय ती.” एवढं म्हणून त्यानं आपल्या हाताची बोटं एकमेकांना चिकटवून, सोडवून पाहिली. त्याला वाटलं मी बघत नाहीये.

पातं फिरलं. एका ट्रकच्या पाईपाचा तुकडा कापून रज्जाकभाईनं तिथं बसवला, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या. किल्ली फिरवली.

काय सांगू! ती चालू झाली की नाही, हे कळायला मला गाडीतला काटा बघावा लागला. आरशात माझा एकच चेहरा. बाहेर कडुनिंबावर साळुंक्या भांडत होत्या, त्या ऐकू येत होत्या. आमच्या सगळ्या हयातीत जर्मन इतकी सुंदर कधी चालली नव्हती. कुठल्या तरी परदेशी कारखान्यात ज्यांनी ती बनवली, त्यांना ती हीच अशी हवी असणार. अण्णानं रज्जाकभाईच्या पाठीवर थाप मारली.

नाना उठले. शेवटी उठले. सावकाश चालत आले आणि बॉनेट उघडंच होतं म्हणून मडगार्डवर पंजा टेकवला. लहान मुलाचा ताप बघावा तसा. वाट पाहिली. पंजा थोडा पुढं सरकवला, पुन्हा वाट पाहिली.

“बंद पडली,” ते म्हणाले.

मी मूठ हलवली. चालू. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी खोडसाळपणा करतोय.

“चालू आहे नाना! नीट झाली! आता थरथरत नाही!” मी ओठ ताणून ताणून म्हणालो.

“मला शिकवतोस? मागावर हाडं झिजली माझी. बंद हाय ही.” हात तिथंच होता, पण मान खाली गेली होती. “जाऊ दे. ढकला. बोलवा त्याची क्रेन.”

आयुष्यात मी त्यांना असं हरलेलं पाहिलं नव्हतं. माग उचलून नेत होते तेव्हाही नाही. अण्णा माझ्याकडं बघत होता आणि मी अण्णाकडं. नाना पंजा उचलायला लागले. मी त्यांचं मनगट धरलं, पंजा परत मडगार्डवर दाबला, आणि दुसऱ्या हातानं रज्जाकभाईची पकड घेऊन एका प्लगची वायर उपटली.

जर्मन कळवळली. आरसा हलायला लागला. बॉनेटची दांडी खडखडली. आमच्या सगळ्यांच्या पायांखाली, मला तसा भास झाला असेल, पण फरशी कापली.

नानांनी डोळे मिटले. “हां,” ते म्हणाले. “आता चालली.”

“अरे नीट केलेली बिघडवलीस?” अण्णा ओरडला. “येडा हायस का?”

“इलाज केला का बीमारी दिली जी?” रज्जाकभाई म्हणाला, आणि तोंड फिरवून हसला, की डोळे पुसले, कोण जाणे.

नानांनी स्वतः बॉनेट लावलं. पूर्वी लग्नाला निघताना लावायचे तसं, दोन्ही हातांनी, वरून दाबून. मग ते पुढं गेले आणि शेडचे दोन्ही दरवाजे उघडून बाजूला उभे राहिले. जर्मन तीन पायांवर लंगडत, कापत, धूर ओकत त्यांच्यासमोरून बाहेर पडली. चालवता चालवता मी काच खाली करून राजासारखा हात केला. त्यांनी खरोखर नमस्कार केला, गाडीला.

कोपऱ्यावर, त्यांच्या नजरेआड, मी थांबून वायर परत बसवली. कुर्डुवाडीचा माणूस तिथंच येऊन उभा होता. त्यानं आत बसून एकदा पुढं, एकदा मागं घेतली आणि खूश होऊन म्हणाला, “आवाजच न्हाय की, मालक! लई भारी!” तो तिला घेऊन गेला. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी ऐकायचा प्रयत्न केला. खरंच आवाज नव्हता. अशी गाडी मी ओळखत नव्हतो. माझ्या खिशात कापलेल्या सुताचा गोळा होता, अजून गरम.

परत आलो तर अण्णा फोनवर कुणाला तरी शेड रिकामी झाल्याचं कळवत होता. नाना खुर्चीशेजारी उभे होते. त्यांनी मला लांबूनच भुवयांनी विचारलं, अम्मासारखं. मी मूठ वळली आणि हलवली. चालू. चालूच गेली.

त्यांनी मान डोलावली. मग शेडच्या भिंतीवर, जिथं पलीकडं आमची झोपायची खोली होती तिथं, पंजा टेकवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मीही थांबलो. अण्णानंही फोन खाली घेतला.

मग नानांनी भिंतीवरून हात काढला, आमच्याकडं वळले, आणि दोघांना पंजा उघडून दाखवला. बंद.